एक नंबर, दोन पुस्तकं

हाताशी एखादं अलीकडचं मराठी पुस्तक असेल तर उलटं करून बघा. मागच्या बाजूला खाली बारकोड असतो आणि त्याच्या डोक्यावर ९७८ने सुरू होणारा तेरा आकड्यांचा क्रमांक. ९७८च्या पुढे ८१ किंवा ९३ आलं की समजायचं, प्रकाशक भारतातला आहे. हा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक. नियम साधा आहे. एका पुस्तकाच्या एका आवृत्तीला एक क्रमांक, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. पुस्तक बाजारातून गेलं, प्रकाशन संस्था बंद पडली, क्रमांक चुकून दिला गेला, तरीही नाही.

म्हणून बरेच जण त्याला ‘पुस्तकाचं आधार कार्ड’ म्हणतात. मला ही उपमा कधीच पटली नाही. आधारच्या मागे निदान बोटांचे ठसे तरी असतात. आयएसबीएनच्या मागे पुस्तकातलं काहीही नसतं, ना मजकूर, ना पानांची संख्या, ना लेखकाचं नाव. तो पुस्तकावर छापलेला असतो, एवढंच त्याचं आणि पुस्तकाचं नातं. छापताना चुकलं की नातं तुटलं, आणि नंबरला ते कळायचं काही कारण नाही.

मी गेली काही वर्षं जुन्या ग्रंथालयांच्या तालिका संगणकावर चढवण्याचं काम करतो. तालिका म्हणजे कॅटलॉग. या कामात एकच नंबर असलेली दोन पुस्तकं समोर येणं ही नवलाईची गोष्ट नाही. कधी एकाच प्रकाशकाची एक कादंबरी आणि एक आरोग्यविषयक पुस्तक, कधी एकाच ग्रंथाचे चार खंड, कधी पुठ्ठा बांधणीची आणि साध्या बांधणीची प्रत. पाठोपाठ हाती आली तर माणसाला फरक लगेच दिसतो. संगणकाला दिसत नाही. त्याच्या लेखी ते एकच पुस्तक असतं, आणि मग दोघांपैकी एकाला जावं लागतं.

हे असं का होतं, ते कळायला या नंबरचा जन्म कुठे झाला ते बघायला हवं. तो ग्रंथालयात झाला नाही. गोदामात झाला.

डब्ल्यू. एच. स्मिथ ही ब्रिटनमधली पुस्तकं-मासिकं विकणारी मोठी साखळी. रेल्वे स्टेशनांवरचे तिचे स्टॉल पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. १९६५ साली या कंपनीने ठरवलं की दोन वर्षांत आपलं गोदाम संगणकावर न्यायचं. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र आणि तुटपुंजी स्मृती. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, बांधणी एवढं सगळं प्रत्येक ऑर्डरीत लिहून त्याला भरवणं परवडणारं नव्हतं. प्रत्येक पुस्तकाला छोटा, ठरीव लांबीचा आकडा हवा होता. ब्रिटिश प्रकाशकांच्या संघटनेने हे काम गॉर्डन फॉस्टर यांच्याकडे दिलं. फॉस्टर आयरिश संख्याशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला, म्हणजे जिथे जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडले जात तिथे त्यांनी काम केलेलं. त्यांनी नऊ आकड्यांची रचना सुचवली आणि १९६७ पासून ब्रिटनमध्ये ती सुरू झाली. डेव्हिड व्हिटेकर यांनी ती तिथल्या प्रकाशकांत रुजवली, एमरी कोल्टे यांनी अमेरिकेत. १९७० मध्ये आयएसओने तिला आंतरराष्ट्रीय मानक केलं आणि आकडे दहा झाले. ब्रिटिशांनी जुन्या नऊ आकड्यांपुढे एक शून्य लावलं आणि काम भागवलं.

फॉस्टर यांच्या रचनेतली खरी गंमत शेवटच्या आकड्यात आहे. आधीच्या नऊ आकड्यांना अनुक्रमे दहा, नऊ, आठ असं करत दोनपर्यंत गुणायचं, बेरीज करायची, आणि शेवटचा आकडा असा निवडायचा की एकूण बेरजेला अकराने नि:शेष भाग जावा. म्हणून जुन्या पुस्तकांवर कधीकधी शेवटी इंग्रजी एक्स दिसतो. तिथे दहा हवे असतात, आणि दहा एका घरात मावत नाहीत, म्हणून रोमन दहा. अकरा ही मूळ संख्या असल्यामुळे या युक्तीने कुठलाही एक आकडा चुकला तर पकडला जातो, आणि शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडले जातात. हाताने टाइप करणाऱ्या माणसाच्या हातून होणाऱ्या मुख्य चुका या दोनच. सांकेतिक लिपीच्या जगातून आलेल्या माणसाला शोभेल असं हे काम आहे.

पण या पडताळणीला काय कळतं ते नीट बघा. नंबर स्वतःशी जुळतो का, एवढंच. तो हातातल्या पुस्तकाचा आहे का, हे तिला कळत नाही. दोन वेगळ्या पुस्तकांवर एकच बरोबर नंबर छापला तर दोन्ही पुस्तकं परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतात. गोदामात याने फारसं बिघडत नाही. चुकीचं पुस्तक गेलं तर दुकानदार परत पाठवतो, पैसे वळते होतात. शिवाय गोदामाला त्या नंबरची गरज पुस्तक विकलं जातंय तोवरच असते. ग्रंथालयाला ती गरज पुस्तक विकायचं थांबल्यावर सुरू होते.

ग्रंथालयांनी हा नंबर उचलला तो साठ-सत्तरच्या दशकांतच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम या प्रोग्रामर बाईंनी साठच्या दशकात मार्क नावाची रचना तयार केली. तालिकेच्या कार्डावरची प्रत्येक गोष्ट संगणकाला कशी सांगायची याचा तो साचा. आजही जगभरातली ग्रंथालयं तो वापरतात आणि त्यात आयएसबीएनची जागा ठरलेली आहे, क्षेत्र क्रमांक ०२०. १९६७ मध्येच ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन ओसीएलसी ही संस्था काढली. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद करायची आणि बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची, अशी तिची कल्पना. पण उतरवून घेताना ‘हे तेच पुस्तक’ हे यंत्राने कसं ओळखायचं? नावावरून ओळखायचं तर स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी घोळ. नंबर मात्र चटकन जुळतो. व्यापाऱ्यांचा आकडा ग्रंथालयांची किल्ली झाला तो असा. (त्याच १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही झाला. आपल्याकडे तेव्हा चर्चा अनुदानाची होती, आकड्यांची नव्हती.)

मराठी पुस्तकांच्या बाबतीत या किल्लीचा मोह जास्तच. कारण आपली अक्षरं संगणकाला अनेक वर्षं धड कळतच नव्हती. युनिकोड रुळण्याआधी ज्या ग्रंथालयांनी तालिका संगणकावर घेतल्या, त्यांनी त्या वेगवेगळ्या फॉन्टांत टाइप केल्या. फॉन्ट बदलला की ‘देशपांडे’चं काहीतरी भलतंच दिसायचं. काहींनी रोमन लिपीत नोंदी केल्या, त्यात एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं. ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ आणि नुसतं ‘पु. ल.’ हा एकच माणूस आहे हे सातवीतल्या मुलाला कळतं, यंत्राला शिकवावं लागतं. अशा वेळी आकडा हीच एक भरवशाची गोष्ट वाटते.

आकडे आल्यानंतरच पुस्तकांची ओळख पटायला लागली, असं मात्र नाही. १८६७च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने सरकारला दर तिमाहीला छापील पुस्तकांची यादी काढायला लावली. त्या यादीत प्रत्येक पुस्तकाची भाषा, लेखक, विषय, छापखाना, पानं, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती, शिळाछाप की खिळाछाप, किंमत, एवढंच नव्हे तर हक्क कुणाकडे आणि तो राहतो कुठे, इतकं सगळं लिहायचं होतं. हेतू पाळत ठेवण्याचाही होता, पण पुस्तक ओळखायला यापेक्षा चांगलं वर्णन सापडणं कठीण. पुढे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. ती १९४३ साली छापली गेली, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली आला. दात्यांकडे नंबर नव्हता. लेखक, नाव, प्रकाशक, साल, पानं एवढ्या खुणांवर त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांची मराठी पुस्तकं एकमेकांपासून वेगळी ओळखून दाखवली. एक खूण चुकली तर बाकीच्या सांभाळून घेतात. आयएसबीएन एकटा असतो.

दुहेरी नंबरांची पहिली चूक बहुधा प्रकाशकाच्या ऑफिसातच होते. तिच्यात लबाडी कमी आणि घाई जास्त असते. नवीन पुस्तकाचं काम सुरू करताना डीटीपी करणारा माणूस मागच्या पुस्तकाची फाइल उघडतो. श्रेयपान तेच ठेवतो, नाव बदलतो, लेखक बदलतो, किंमत बदलतो. नंबर राहून जातो. दुसरं कारण काटकसर. नंबर सुट्टे मिळतात किंवा दहा, शंभर, हजार अशा गठ्ठ्याने. भारतात ते फुकट आहेत, दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते. पण फुकट असले तरी अर्ज करावा लागतो, वाट बघावी लागते, आणि पुस्तक तर रविवारच्या प्रकाशन समारंभाला हवं असतं. मग कुठल्यातरी संपलेल्या पुस्तकाचा नंबर उचलला जातो. ते आता कोण विचारतंय, असा त्यामागचा विचार. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो खराही असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त अडचणीत टाकतं, आणि ते आपल्या भाषेत आहे. नियम म्हणतो, नव्या आवृत्तीला नवा नंबर, नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आपण दोन्हींना ‘आवृत्ती’च म्हणतो. ‘दहावी आवृत्ती’ असं अभिमानाने छापलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा मजकुरातला एक काना बदललेला नसतो, ते दहावं मुद्रण असतं. मग एक प्रकाशक प्रत्येक मुद्रणाला नवा नंबर देतो आणि एकाच पुस्तकाच्या तालिकेत दहा नोंदी होतात. दुसरा प्रकाशक दोन नवी प्रकरणं घातलेल्या, प्रस्तावना बदललेल्या आवृत्तीवरही जुनाच नंबर ठेवतो, आणि जुनी आवृत्ती तालिकेतून अदृश्य होते. ‘पुनर्मुद्रण’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. तो विक्रीला तेवढा उपयोगी नाही, असं दिसतं.

आणि ग्रंथालयंही यात मागे नाहीत. समजा, एखाद्या कादंबरीची १९५४ची पहिली आवृत्ती कपाटात आहे. तिच्यावर आयएसबीएन असायचा प्रश्नच नाही. तालिका संगणकावर चढवण्याचं कंत्राट दिलेलं असतं, पैसे दर नोंदीमागे मिळणार असतात. काम करणारा मुलगा पुस्तकाचं नाव टाकून तयार नोंद शोधतो. त्याला अलीकडच्या एखाद्या प्रकाशकाची नोंद मिळते, नंबरासकट. तो ती तशीच उतरवतो. त्या क्षणी १९५४ची प्रत कागदोपत्री २०१०ची होते. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत तर विचारूच नका. राजवाड्यांची प्रत, साखरेमहाराजांची प्रत, दांडेकरांची प्रत, या प्रत्येकीत पाठभेद आहेत आणि अभ्यास करणाऱ्याला नेमकी एकच हवी असते. तालिकेत मात्र ‘ज्ञानेश्वरी, प्रती ६’ अशी एकच ओळ.

एका तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाचा अनुभव सांगतो. नाव सांगत नाही, कारण असं कुठेही होऊ शकलं असतं. तिथे कोहा हे सॉफ्टवेअर होतं. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या ग्रंथालयांनी २००० साली वापरात आणलं. जुनं सॉफ्टवेअर सहस्रक बदलताना टिकणार नव्हतं म्हणून त्यांनी नवं करून घेतलं आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. आज भारतातली कितीतरी ग्रंथालयं त्यावर चालतात. नोंदी एकगठ्ठा आत घेताना जुळणी कशावरून करायची आणि जुळलं तर काय करायचं, हे त्यात ठरवता येतं. या ग्रंथालयात कुणीतरी ठरवून ठेवलं होतं, आयएसबीएन जुळला की आधीची नोंद काढून नवी घालायची.

एका स्थानिक कवीचा संग्रह आणि त्याच प्रकाशकाचं लोणच्यांच्या पाककृतींचं पुस्तक यांच्यावर एकच नंबर होता. संग्रह आधी नोंदवलेला, लोणची नंतर आली. लोणच्यांनी कविता गिळल्या. संग्रहाच्या प्रतींचे बारकोड तसेच राहिले, फक्त ते आता लोणच्यांच्या नोंदीला चिकटलेले. कवीची नात पुण्याहून फोन करून विचारत होती, आजोबांचं पुस्तक तुमच्याकडे तरी आहे का. आजोबांनी एकच पुस्तक लिहिलं होतं आणि घरातली प्रत वाळवीने खाल्लेली. तालिका सांगत होती, नाही.

ते सापडलं ते निवृत्तीला आलेल्या ग्रंथपाल बाईंमुळे. त्यांनी संगणक सोडला आणि कपाटावरून दाखल नोंदवही काढली. पुस्तक ग्रंथालयात येतं त्या दिवशी त्याला जो अनुक्रमांक मिळतो तो दाखल क्रमांक. प्रत्येक प्रतीला वेगळा, हाताने लिहिलेला, समोर नाव, लेखक, किंमत, बिलाचा नंबर. त्या वहीत संग्रह होता, दोन प्रती. कपाटातही होता. बाई म्हणाल्या, “पुस्तक कुठे गेलं नव्हतं हो, त्याची चिठ्ठी उडाली होती.”

हे वेळेत झालं म्हणायचं. दर काही वर्षांनी ग्रंथालयं निर्लेखन करतात, म्हणजे फाटलेली, हरवलेली आणि वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं यादीतून कमी करतात. ज्या पुस्तकाची नोंदच तालिकेत नाही ते कुणी मागत नाही. मागितलं जात नाही म्हणून ते बाहेर जात नाही. यादी करणारा माणूस कपाटापाशी येतो तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर ते लोणच्यांच्या पुस्तकाची जास्तीची प्रत असतं. मोठ्या प्रकाशकाच्या गाजलेल्या पुस्तकाला असल्या घोळाने काही होत नाही, त्याच्या हजारो प्रती असतात. पाचशे प्रती छापलेल्या पुस्तकाची महाराष्ट्रभरात ग्रंथालयांत उरलेली प्रत दोन-चार ठिकाणी असते, आणि तिला वाचवणारी नोंदही तेवढीच.

२००७च्या १ जानेवारीपासून नंबर दहाचा तेरा आकडी झाला, म्हणजे किराणा मालावरच्या बारकोडाच्या कुटुंबात अधिकृतपणे सामील झाला. दुकानांची सोय झाली. पण या कुटुंबाची पडताळणी फॉस्टर यांच्यापेक्षा कमजोर आहे. इथे आकड्यांना आलटून पालटून एक आणि तीनने गुणतात आणि बेरजेला दहाने भाग जावा लागतो. आता शेजारचे १ आणि ६ घ्या. एक एके एक आणि सहा त्रिक अठरा, एकोणीस. उलटे टाइप झाले तर सहा एके सहा आणि एक त्रिक तीन, नऊ. फरक बरोबर दहाचा, म्हणून यंत्राला काहीच कळत नाही. ज्या जोडीत पाचाचा फरक आहे, म्हणजे ०-५, २-७, ३-८, ४-९, त्या सगळ्यांचं हेच. जुन्या पद्धतीत ही चूक पकडली गेली असती. स्कॅनर वापरला तर अडचण येत नाही, पण आपल्याकडे कितीतरी पुस्तकांवर नंबर नुसता छापलेला असतो, बारकोड नसतो. तिथे हाताने टाइप करण्यावाचून इलाज नाही.

त्यानंतर २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत आयएसबीएन असलेल्या पुस्तकांना प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मिळू लागले. गोदामातला आकडा आता प्रतिष्ठेचा शिक्का झाला. चर्चासत्रातल्या निबंधांचे दोन खंड, दोन वर्षांचे, दोन विषयांवरचे, पण नंबर एकच, अशी पुस्तकं मी हाताळली आहेत. लेखकांना नंबर मिळाल्याशी काम होतं. त्यातला चांगला निबंध उद्या कुणाला शोधायचा असेल तर तो कोणत्या खंडात आहे, हे तालिका सांगू शकणार नाही.

मग करायचं काय? जुळणी करताना नंबराबरोबर नाव आणि सालही बघायला लावता येतं. दोनपैकी एक जुळत नसेल तर यंत्राने थांबून माणसाला विचारायचं. वेळ लागतो, आणि दर नोंदीमागे पैसे देणाऱ्या कंत्राटात वेळाला जागा नसते. तालुक्याच्या त्या ग्रंथालयात आम्ही निदान जुळल्यावर आपोआप पुसायचं बंद केलं.

मार्कमध्ये यासाठी एक छोटी सोय आहे. ०२० या क्षेत्रात बरोबर नंबरासाठी एक उपक्षेत्र आहे, ‘ए’, आणि रद्द किंवा गैरलागू नंबरासाठी दुसरं, ‘झेड’. चुकीचा म्हणून नंबर पुसून टाकायचा नाही, ‘झेड’मध्ये ठेवायचा. वाचकाच्या हातातल्या पुस्तकावर तोच चुकीचा नंबर छापलेला असतो, आणि तो तोच टाकून शोधणार असतो. त्याने शोधलं की पुस्तक सापडावं, पण यंत्राने त्या नंबरावरून कुणाला पुसू नये. कवितासंग्रहाच्या नव्या नोंदीत आम्ही ‘ए’ रिकामा ठेवला आणि नंबर ‘झेड’मध्ये लिहिला. आता त्या नंबरने शोधलं तर पडद्यावर दोन पुस्तकं येतात, आधी लोणची आणि खाली कविता. नातीला आम्ही दाखल क्रमांक कळवला.